काळ्यात काय शेड दाखवू?

"हे काय रे करपवून ठेवलंस?"

आईने माझ्या साडेतीन महिन्यांच्या मेहनतीकडे बघून विचारलं.

"आई, विमान आहे ते."

"असेल. पण रात्रभर चिंच लावून ठेव. सकाळी घासलं की निघतं."

मी स्केल मॉडेलवाला आहे. म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, डोंबिवलीहून रोज लोकलने नोकरीला जाणारा आणि चष्म्यावर चष्मा चढवणारा असा माणूस, जो रविवारी सकाळी तुरीच्या डाळीएवढं डोकं असलेला प्लॅस्टिकचा पायलट चिमट्यात धरून त्याला भुवया काढतो. या छंदाबद्दल लोक मला दोनच प्रश्न विचारतात. "हे उडतं का?" आणि "नाही उडत? मग कशाला?" दोन्हींची उत्तरं माझ्याकडे नाहीत.

या खेपेला मी जे विमान निवडलं, ते निव्वळ आळसापोटी. नॉर्थ्रॉप पी-६१, टोपणनाव ब्लॅक विडो. हे एका विषारी कोळिणीचं नाव. रात्रीच्या अंधारात रडारच्या जोरावर शिकार करण्यासाठीच अमेरिकेने मुळापासून आखलेलं हे पहिलं विमान. २६ मे १९४२ रोजी ते पहिल्यांदा उडालं. दोन इंजिनं, मागे दोन लांबलचक शेपट्या, आत तिघे जण आणि पोटाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा. पंखांचा पसारा ६६ फूट. माझं किट एकास बहात्तर मापाचं, म्हणजे ६६ भागिले ७२, बरोबर ११ इंच. आमच्या भाकरीच्या तव्याएवढं. हा हिशेब मी तेव्हा सहज गंमत म्हणून केला होता.

आळसाचा मुद्दा असा, की बाकीच्या विमानांना वरून हिरवे-तपकिरी ढग, खालून आभाळी, बाजूला पट्टे अशी शंभर झंझटं असतात. याला एकच रंग. काळा. आमच्या सोसायटीचं गेट दिवाळीच्या आधी एक पोरगा तोंडात तंबाखू धरून दीड तासात काळं करतो. काळा रंग मारायला अक्कल कशाला लागते?

एअरब्रशने काळ्याचा पहिला हात बसला आणि विमान नाहीसं झालं.

अक्षरशः. पत्र्यांचे सांधे, रिव्हेटचे ठिपके, इंजिनाची झाकणं, मी सुईने पुन्हा पुन्हा कोरलेल्या रेघा, सगळं त्या काळ्याने गिळलं. उरला एक आकार. शेजारचे काका पेपर मागायला आले होते, त्यांनी तो उचलून विचारलं, "हा रिमोट एसीचा की टीव्हीचा?"

मुलीने जास्त बारकाईने पाहिलं. "बाबा, याचं पुढचं तोंड कुठलं?"

"ते काय, नाक."

"मला तर सगळं सपाटच दिसतंय. अगदी तुझ्या केसांसारखं."

घरात शांतता पसरली. बायको लगबगीने स्वयंपाकघरात गेली. आतून खोकल्यासारखा आवाज आला. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी केस काळे करून घेतो, ही गोष्ट आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. बिल्डिंगमधल्या सर्वांना ती माहीत आहे.

काळा रंग आकार गिळतो, हे जगात इतरांनाही माहीत होतं असं मला नंतर समजलं. २०१४ साली इंग्लंडमधल्या एका कंपनीने व्हँटाब्लॅक नावाचा लेप काढला. त्याच्यावर पडलेला ९९.९६५ टक्के प्रकाश तो खाऊन टाकतो. चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या कागदावर तो चढवला, की चुण्या दिसेनाशा होतात आणि समोर नुसतं भोक पडल्यासारखं वाटतं. २०१६ मध्ये शिल्पकार अनीश कपूर यांनी कलेसाठी हा लेप वापरण्याचे हक्क एकट्याने मिळवले आणि बाकीचे कलाकार चिडले. एकाने तर झगझगीत गुलाबी रंग काढून तो कपूर सोडून कुणालाही विकायला ठेवला. कपूर यांचा जन्म मुंबईचा. मुंबईत जन्मलेला माणूस सगळं गिळणाऱ्या काळ्यासाठी जगाशी वैर घेतो, आणि डोंबिवलीतला माणूस साध्या डबीतल्या काळ्याने फुकटात तेच करून दाखवतो. त्याची कुठे बातमी येत नाही.

शेवटी मी गुरुजींना फोन केला. गुरुजी ठाण्याला असतात. रेल्वेतून निवृत्त झाले आहेत. साठएक विमानं काचेच्या कपाटात आहेत आणि साठ वर्षांचा अनुभव बोलण्यात आहे.

"कुठला काळा मारलास?"

"काळा म्हणजे... काळा."

"बाटलीतून काढून थेट?"

"हो."

पलीकडे कुणीतरी गेल्यासारखी स्तब्धता. मग हळू आवाजात, "अरे, शुद्ध काळा कधी मारायचा नसतो. सावली कशाने दाखवशील? काळ्याच्या खाली जागाच नाही. आणि तू ते विमान किती लांबून बघतोस?"

"फूटभर."

"म्हणजे खरं विमान बहात्तर फुटांवरून. मध्ये बहात्तर फूट हवा, धूळ, ऊन. इतक्या लांबून काळं हे काळं दिसतच नाही. करडं दिसतं."

खातरजमा करायला मी गॅलरीत गेलो. खाली एक काळी स्कूटर उभी होती. खरोखरच ती काळी नव्हती. वरून आभाळाचं पांढुरकं, बाजूने भिंतीचं पिवळट आणि चाकांपाशी मातकट. मग मला तो नादच लागला. स्टेशनबाहेर रिक्षा स्टँडवर मी उकिडवा बसून एका टायरकडे बघत होतो. टायरच्या खाचांमध्ये तेवढा काळेपणा, जमिनीला घासणारा भाग राखाडी, कडेला वाळलेल्या चिखलाची तपकिरी नक्षी. फारच सुंदर टायर होता.

"पंक्चर आहे का?" रिक्षावाल्याने घाबरून विचारलं.

"नाही. रंग बघतोय."

त्याने मीटर टाकला नाही, रिक्षा सुरू केली आणि निघून गेला.

मग दुकान. चार बाटल्या आणल्या. तामियाचा फ्लॅट ब्लॅक, नाटो ब्लॅक, रबर ब्लॅक आणि जर्मन ग्रे. बायकोने चारही बाटल्या ओळीत मांडल्या.

"अहो, चारही काळेच आहेत की."

"छे. हा नाटोचा काळा, हा रबराचा काळा, हा..."

मी मध्येच थांबलो, कारण मला जानेवारी आठवला. संक्रांतीची चंद्रकळा घ्यायला आम्ही दुकानात गेलो होतो. "काळी साडी म्हणजे काळी. पहिली दिसेल ती उचल, पाच मिनिटांत निघू," असं मी म्हणालो होतो. तेवढ्यात गादीवरच्या सेल्समनने विचारलं, "वहिनी, काळ्यात काय शेड दाखवू?" आणि मी दुकानभर ऐकू जाईल असा हसलो होतो. पुढचे दोन तास बायको एकेक घडी उजेडाकडे नेत होती. हा मेला काळा. हा लाल मारतो. हा धुतल्यावर विटेल. याला जांभळट झाक आहे, चालेल. मी तोपर्यंत दुकानातलं पाणी पिऊन संपवलं होतं.

आता तिने नाटोची बाटली खिडकीशी धरली, हलवली आणि झाकणाला लागलेला थेंब पाहिला. "हा त्यातल्या त्यात बरा. मेला नाही." बाटली खाली ठेवताना ती हसली नाही. दोन तासांचा हिशेब तिने तेवढ्यात चुकता केला.

यानंतर प्रयोगांचं पर्व सुरू झालं.

पहिला प्रयोग ड्राय ब्रशचा. ब्रशवर करडा रंग घ्यायचा, जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला अंश उंचवट्यांवरून अलगद फिरवायचा. "जवळजवळ सगळा" म्हणजे किती, हे मला उमगलं नाही. विमान पिठाच्या गिरणीतून दळण घेऊन आल्यासारखं दिसू लागलं.

दुसरा प्रयोग सांध्यांचा. इतर विमानांच्या सांध्यांत गडद पातळ रंग सोडला की रेघा उठून दिसतात. काळ्याच्या सांध्यात काय सोडणार? फिका करडा. काळ्या दगडावरची रेघ म्हणजे न बदलणारी गोष्ट, हे शाळेत शिकलो होतो. काळ्या विमानावरचीही रेघ तशीच निघाली. थिनर लावा, कापूस फिरवा, ती हटेना. ११ इंचांच्या विमानावर आलेख कागदासारखे चौकोन उमटले. मुलीने त्यावर फुल्ली-गोळा खेळायची तयारी दाखवली.

तिसरा प्रयोग मिठाचा. ओल्या पृष्ठभागावर मीठ चिकटवायचं, वरून फिका रंग फवारायचा, वाळलं की मीठ झटकायचं, आणि उन्हाने रंग उडाल्यासारखे नैसर्गिक डाग मिळवायचे. कोरड्या हवेच्या देशात हे छान होत असावं. मी ते जुलै महिन्यात केलं. डोंबिवलीच्या हवेत मिठाला तासाभरात पाझर फुटला आणि पंखावर नैसर्गिक डागांऐवजी नैसर्गिक मचूळ डबकी साचली.

ती दुरुस्त करून वर मॅट वार्निश फवारलं. पावसाळी दमट हवेत वार्निश वाळताना पांढरं पडतं. फिक्या रंगावर ते खपून जातं, काळ्यावर मात्र लोणच्याच्या बरणीला बुरा यावा तसं दिसतं. आईने जाता जाता नाकाला पदर लावला.

वैतागून मी पुन्हा चमकदार काळा मारला आणि विमान वाळायला गॅलरीत ठेवलं. सकाळी डाव्या पंखावर एक डास पाय पसरून पडला होता, पंखांसकट, कायमचा. पाच मिलिमीटरचा डास गुणिले ७२, म्हणजे ३६ सेंटिमीटर. कावळ्याच्या आकाराचा डास. इतिहासात १९४४ च्या जुलैत इंग्लंडमध्ये ब्लॅक विडोची ब्रिटिशांच्या मॉस्किटो विमानाशी चाचणी-स्पर्धा झाली होती. तिथला निकाल खरा की नाही यावर जाणकार आजही भांडतात. माझ्या गॅलरीत मात्र मॉस्किटो निर्विवाद जिंकला.

एवढं झाल्यावर मी साहेबाने काळा कसा निभावला ते वाचायला घेतलं आणि जरा बरं वाटलं. ब्रिटिशांनी रात्रीच्या विमानांसाठी आधी काजळीसारखा खरखरीत, अगदी मठ्ठ काळा काढला. 'स्पेशल नाईट' असं त्याचं नाव. अंधारात दिसू नये हा हेतू. पण त्या खरखरीतपणाला हवा अडायला लागली आणि विमानाचा वेगच कमी झाला. म्हणजे दिसायचं नाही, पण पोचायचंही नाही. पुढे ते गुळगुळीत 'नाईट' रंगावर आले. त्यात काजळीबरोबर अल्ट्रामरीन, म्हणजे आपली कपड्यांची नीळ, मिसळलेली असे. अमेरिकेने चाचण्या केल्या तेव्हा निघालं भलतंच. सर्चलाइटच्या झोतात मठ्ठ काळ्यापेक्षा तुकतुकीत काळा कमी दिसतो. मठ्ठ रंग उजेड चहूकडे विखुरतो, त्यातला थोडा खालच्या माणसाच्या डोळ्यांत जातोच. तुकतुकीत रंग तो एकाच दिशेला भिरकावून देतो. म्हणून ब्लॅक विडो चकचकीत. दोन बलाढ्य देशांना महायुद्धात काळा जमायला वेळ लागला, तर मला साडेतीन महिने म्हणजे काहीच नाही.

उत्तर सापडलं ते एका मंगळवारी, भाकरी खाताना. तवा ओट्यावर निवत ठेवला होता आणि त्याच्यावर खिडकीतून ऊन पडलं होतं. मी घास हातातच धरून उठलो. मध्यभागी, जिथे रोज भाकरी बसते, तिथे तवा करडा, शिशासारखा. त्याच्याभोवती तेल पिऊन तुकतुकीत झालेलं कडं. त्याच्याही बाहेर, जिथे उलथणं पोचत नाही, तिथे मऊ मठ्ठ काजळी. काठाला पाण्याचा थेंब राहून गेलेला, तिथे तांबूस गंज. आणि सांडशी रोज एकाच जागी धरल्यामुळे उघडं पडलेलं लोखंड. ११ इंच. मला हव्या त्या मापात, अठ्ठावीस वर्षांच्या खऱ्या वापराने रंगवलेलं मॉडेल आमच्याच ओट्यावर पडलं होतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, तवा कुठे गेला?"

"माझ्या टेबलावर आहे. रेफरन्स आहे तो."

"मग रेफरन्सवर भाकऱ्या टाकायच्या आहेत. इकडे द्या."

पुढचा पंधरवडा दुपारी तवा माझ्याकडे आणि संध्याकाळी तिच्याकडे, अशी वाटणी झाली. आधी सगळीकडे नाटो ब्लॅक. मग एका पत्र्यावर त्यातच निळ्याचा थेंब, दुसऱ्यावर तपकिरीचा, तिसऱ्यावर करड्याचा. विमान गोधडीसारखं ठिगळठिगळ झालं, तेव्हा त्यावर अगदी पातळ, पाण्यासारख्या काळ्याचा एक हात. ठिगळं विरली, पण मेली नाहीत. मेकॅनिक जिथे पाय ठेवत तो पंखाचा भाग मठ्ठ केला, इंधन भरायच्या झाकणाभोवती तेलकट चमक ठेवली, धुराड्यांच्या मागे राखाडी फराटे ओढले. पंख्याच्या पात्यांच्या कडेला चंदेरी पेन्सिलीने खडे लागून उडालेले टवके काढले. तोफांच्या तोंडांवर मुलीची ६बी पेन्सिल घासली, की लोखंड दिसतं. चाकांवर पाटीवरची पेन्सिल किसून तिची भुकटी चोळली. त्या रिक्षावाल्याला दाखवायला हवं होतं.

मधल्या काळात महिन्याचा पहिला रविवार आला. सलूनमध्ये खुर्चीत बसलो.

"काका, नेहमीचा काळा?" पोराने ब्रश बुडवत विचारलं.

"हो."

"एक सांगू? राग मानू नका. या वयाला भक्कम काळा डोळ्यांवर येतो. थोडा ब्राऊन मिसळू. कानशिलावर पांढरे राहू देऊ. मध्ये एखादी बट तशीच सोडू. मग लावलंय हे कळतच नाही."

"हे तू कुठे शिकलास?"

"यात शिकायचं काय? सगळीकडे एकसारखा काळा कुणाचा असतो का?"

चार बाटल्या, गुरुजींचे फोन, एक रिक्षा, एक डास आणि साडेतीन महिने. त्याने ते ब्रश न थांबवता सांगितलं होतं.

घरी आल्यावर मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग विमानाकडे. "दोघंही बरे दिसताय," ती म्हणाली.

गेल्या रविवारी गुरुजी स्वतः बघायला आले. खिशातून भिंग काढलं. नाकापासून शेपटीपर्यंत त्यांनी दहा मिनिटं काहीही न बोलता पाहिलं. मग भिंग मिटलं.

"काळा जमलाय."

मी चहा ठेवायला सांगितला. दोन घोट झाल्यावर ते म्हणाले, "तसं सुरुवातीची पी-६१ काळी नव्हतीच. ऑलिव्ह हिरवी आणि खालून करडी यायची. काळ्याचा नियम नंतरचा, १९४४ सालचा."

"म्हणजे मी हिरवं रंगवलं असतं तरी..."

"चाललं असतं की."

"गुरुजी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठे? काळा कसा मारायचा, एवढंच तू विचारलंस."

त्यांनी विमान अलगद टेबलावर ठेवलं. हात काढताच विमानाने नाक वर केलं आणि शेपट्यांवर बसकण मारली. या विमानाचा सगळा भार मागे असतो, म्हणून जोडतानाच नाकात शिशाचे तुकडे भरायचे असतात. ते मी विसरलो होतो. रंगाच्या नादात साडेतीन महिन्यांत मी त्याला एकदाही स्वतःच्या पायावर उभं केलं नव्हतं. एवढे दिवस ते स्टँडवर होतं.

गुरुजी काही बोलले नाहीत. आई जवळ आली आणि चष्मा वर करून वाकून बघू लागली.

"दमलंय रे ते," ती म्हणाली. "आता कसं वापरातलं दिसतंय."

एवढी दाद मला कुठल्याही प्रदर्शनात मिळाली नसती. मी शेपट्यांखाली काड्यापेटी ठेवली आणि विमान तसंच कपाटात गेलं.

तर वाचकहो, एकच विनंती. घरात जुना लोखंडी तवा असेल तर तो घासूनपुसून नवा करू नका. फारच मनावर घेतलं असेल तर आधी उजेडात धरून एकदा नीट बघून घ्या. आणि चिंच तर अजिबात लावू नका.